जाण्याआधीचा सत्कार

मयत-माती सोडली तर आमच्या भागात कुठलीच गोष्ट वेळेवर होत नाही. आणि मयत मोठ्या घरची असली, तर तीही साहेब येईपर्यंत थांबते. हे मला माहीत होतं, माझ्या वडलांना माहीत होतं, पत्रिकेत 'ठीक अकरा वाजता' असं छापून घेणाऱ्या माझ्या मामाला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं. तरी आम्ही सगळे नटूनथटून त्या अकराच्या कार्यक्रमाला गेलो, आणि माझं जे वाटोळं व्हायचं ते तिथं झालं. सांगताना आजही डोकं फिरतं माझं.

आमचं घर केजला. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. आम्ही त्यांना दादा म्हणतो. मी कृषीची पदवी घेतली आणि मातीतच रमले. आमच्याकडच्या कोरडवाहू जमिनीत ओल किती दिवस टिकते, का टिकत नाही, यात मला लई रस. त्याचंच पुढचं शिक्षण हॉलंडमधल्या एका विद्यापीठात आहे हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. इंग्रजीची परीक्षा संभाजीनगरला जाऊन दिली. शिफारसपत्रासाठी कॉलेजच्या सरांकडं गेले तर ते म्हणाले, तूच लिहून आण, मी सही ठोकतो. त्यांना समजावून सांगितलं की तसं चालत नाही, विद्यापीठ थेट तुम्हालाच मेल करणार, तुम्हीच उत्तर द्यायचं. तर सर मलाच विचारायला लागले, माझा पासवर्ड काय होता गं? असं एकेक करत, लोकांच्या हातापाया पडत मी तो अर्ज पुरा केला. घरात कुणी नको म्हणालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. दादा तर माझ्याहून जास्त मेल तपासायचे.

प्रवेश मिळाला. पण नुसत्या प्रवेशाने काय होतंय? तिकडची फी आम्हाला सात जन्मात झेपणारी नव्हती. विद्यापीठाचीच एक शिष्यवृत्ती होती, ती मिळाली तरच जायचं, नाहीतर घरीच बसायचं. त्या शिष्यवृत्तीसाठी त्यांनी काही मुलांना निवडलं आणि व्हिडिओवर मुलाखत ठेवली. माझी मुलाखत एका गुरुवारी, आपल्या वेळेने दुपारी चारला. सगळं त्या चारच्या मुलाखतीवर अडलं होतं. हे मी दादांना तीनदा सांगितलं, आईला सांगितलं, मामाला फोनवर सांगितलं.

दादांनी शाळेत सांगितलं ते एवढंच, की पोरीला परदेशात प्रवेश मिळाला. खोटं काही नव्हतं त्यात. पण आमच्याकडं बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी पतसंस्थेचे लोक शाल-नारळ घेऊन दारात. मग भजनी मंडळ. मग मी जिथं कधीच शिकले नव्हते त्या क्लासचे सर, पेढे आणि फोटोवाला घेऊन. प्रत्येकाला सांगायचे मी, अजून माझं नक्की नाही, मुलाखत राहिलीय. ते हसायचे आणि म्हणायचे, विनय लई आहे हो पोरीला. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी आमची गत. हॉलंड हे नाव कुणाच्या ध्यानात राहीना, म्हणून आठवड्याभरात मी सगळ्यांच्या तोंडी लंडनला निघाले.

इथं दादांबद्दल एक सांगावं लागतं. पंचक्रोशीत कुठलाही कार्यक्रम असो, सूत्रसंचालन दादांचं. लग्न, निरोप समारंभ, जयंती, उद्घाटन, माइक त्यांच्याच हातात. कुणासाठी कोणता शेर, कुणाचं नाव आधी घ्यायचं, कुणाला 'लोकनेते' म्हणायचं आणि कुणाला नुसतं 'मा.', सगळं तोंडपाठ. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या गळ्यात हार पडताना पाहिले, वर त्या हारांना शब्दही पुरवले. त्यांच्या स्वतःच्या घरात हार येण्याची ही पहिली वेळ. त्यामुळं त्यांचा आनंद मला कळत होता. मी रागावते ते त्यांच्या आनंदावर नाही.

मामा तेलगावचा. ऊस आणि कापूस दोन्ही आहे त्याच्याकडं, पण जीव सगळा राजकारणात. जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी तो साहेबांच्या मागं मागं फिरत होता. भाची परदेशात निघाली हे त्याला घबाडच सापडलं. साहेबांच्या हस्ते भाचीचा भव्य सत्कार, तेलगावच्या मंगल कार्यालयात. साहेबांची तारीख दोनदा ठरली, दोनदा मोडली, आणि तिसऱ्यांदा मिळाली ती नेमकी त्याच गुरुवारची. मी रडले, भांडले. आई म्हणाली, पोरीचं काम होऊ द्या, सत्कार काय पळून जातोय का? पण मामाने हिशोब मांडून दाखवला. अकराला सुरू, एकला जेवणं, दोनला तू माझ्या माडीवर. घरात वायफाय आहे, इन्व्हर्टर आहे, केजच्या घरात आहे का हे? उलट दोन तास तू नुसती बसून राहशील. दादांनीही मान हलवली. ज्या माणसाने उभ्या हयातीत अकराचा एक कार्यक्रम अकराला सुरू झालेला पाहिला नाही, त्याने मान हलवली.

तेलगावच्या फाट्यावरच फ्लेक्स लागला होता. साहेब एवढे मोठे की त्यांच्या खांद्याच्या मागं विमान दिसत होतं. त्यांच्याखाली मामा. तळाला कार्यकर्त्यांच्या फोटोंची रांग. आणि कोपऱ्यात मी, परीक्षेच्या प्रवेशपत्रावरच्या फोटोत, केस चोपून बसवलेली.

अकरा वाजले. बारा वाजले. साहेब निघाले, असा फोन आला. एक वाजता साहेब निघाले, असा पुन्हा फोन आला. बायकांच्या बाजूला लहान लेकरं रडायला लागली, तेव्हा मामाने जेवणं आधी उरकून घेतली. मी माडीवर जाऊन लॅपटॉप लावून आले, मागची भिंत पांढरी आहे का बघून आले. वाटलं, साहेब आलेच नाहीत तर किती बरं होईल. तेवढ्यात फटाक्यांच्या तोफा वाजल्या आणि साहेब आले. तेव्हा तीन वाजून गेले होते.

मला फेटा बांधून स्टेजवर बसवलं, साहेबांच्या शेजारी. माझा फोन आणि पिशवी आईकडं, आई समोर बायकांत. आता हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आमच्याकडं सत्कारमूर्तीचा सत्कार शेवटी होतो. आधी दीपप्रज्वलन. मग स्टेजवर बसलेल्या प्रत्येकाचं स्वागत, आणि स्टेजवर बसलेली माणसं खाली बसलेल्यांपेक्षा थोडीच कमी असतात. मग नावं राहिली म्हणून खालून चिठ्ठ्या यायला लागतात, आणि सूत्रसंचालक ती नावं घेत राहतो. एकाही नावाला वगळायची सोय नाही, कारण वगळलेला माणूस पुढं दहा वर्षं बोलत नाही.

माझ्याकडं घड्याळ होतं. मीही एक चिठ्ठी लिहिली. 'दादा, चारला मुलाखत आहे. मला आत्ता जाऊ द्या.' एवढंच. ती हातोहात माइकपर्यंत गेली. दादांनी ती उघडली, वाचली, माझ्याकडं पाहिलं, आणि इतर चिठ्ठ्यांच्या खाली ठेवून दिली. मग तेलगाव सोसायटीच्या माजी चेअरमनचं नाव घेतलं.

मी उठले. खरंच उठले होते. त्याच वेळी साहेब भाषणाला उभे राहिले, आणि लोकांना वाटलं मी त्यांच्या मानासाठी उभी राहिले, म्हणून टाळ्या पडल्या. मामा मागून आला आणि खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. "साहेब बोलायलेत. बस. माझं नाक कापू नको," असं कानात म्हणाला. त्याचा हात बराच वेळ खांद्यावर तसाच होता.

चार वाजले तेव्हा साहेब सांगत होते की मुलींच्या वाटेत कुणी येऊ नका, त्यांना भरारी घेऊ द्या. मी समोर आईकडं पाहिलं. आई माझी शहाणी. ती उठली, माझी पिशवी छातीशी धरून बायकांमधून वाट काढत निघाली आणि स्टेजच्या पायरीशी आली. मला हाताने खूण केली, ये म्हणून. मला वाटलं, सुटले मी. पण पायरीशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला वाटलं, आईला वर यायचंय. त्याने तिला हाताला धरून वर आणलं. साहेबांनी भाषण थांबवून सांगितलं की अशी लेक घडवणाऱ्या माउलीचाही सत्कार झाला पाहिजे. दादांनी लगेच आईवरच्या चार ओळी म्हटल्या, त्या त्यांच्याकडं तयारच असतात. आईच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि तिला माझ्या शेजारी खुर्चीवर बसवलं. मांडीवर माझी पिशवी, पिशवीवर नारळ. पिशवीत फोन वाजत होता हे मिस्ड कॉल पाहून नंतर कळलं, वाजंत्रीत तो कुणालाच ऐकू आला नाही. आईने माझा हात घट्ट धरला होता. आम्ही दोघी फोटोत तशाच आलोय.

माडीवर पोचले तेव्हा साडेपाच होत आले होते. डोक्यावर फेटा तसाच. लॅपटॉपवर त्यांचा मेल आलेला. आम्ही काही वेळ तुमची वाट पाहिली, बाकीच्या मुलाखती असल्यामुळं पुढं थांबता आलं नाही. साधा, सभ्य मेल. मी तिथंच फरशीवर बसले.

दादा आभारप्रदर्शन आटोपून वर आले. त्यांचा चेहरा फुललेला होता, कार्यक्रम चांगला झाला की तो तसा होतो. मी मेल दाखवला. त्यांना आधी खरंच वाटलं नाही. "असं कसं? तासभर तर थांबत्यात की," म्हणाले. "आपल्याकडं कुणाची मुलाखत वेळेवर झाली आजपस्तोर?"

हे त्यांचं तत्त्वज्ञान. तिकडं चार म्हणजे चार, हे या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. शाळेची घंटा तो मिनिटाला देतो. पण मोठी माणसं वेळेवर येत नसतात, आणि मुलाखत घेणारे म्हणजे मोठी माणसं, एवढा साधा हिशोब त्याने केला होता आणि त्या हिशोबावर माझं सगळं आयुष्य लावलं होतं. मी त्या दिवशी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आई मध्ये पडली नाही.

मी विद्यापीठाला विनवणीचं पत्र लिहायला बसले. कारण काय लिहावं? तुमच्याकडं प्रवेश मिळाला म्हणून माझा सत्कार चालला होता, त्यामुळं तुमच्याकडं यायचं राहून गेलं? लिहिताना मलाच घाणेरडं हसू आलं. शेवटी लिहिलं, वीज गेली होती. त्यांनी लगेच विश्वास ठेवला, आमच्यासारख्या ठिकाणी वीज जाते हे त्यांना पटण्यासारखं होतं. सहानुभूतीही कळवली. पण शिष्यवृत्ती दुसऱ्यांना दिली होती, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा म्हणाले.

झालं ते झालं, लोकांना खरं सांगून मोकळं व्हावं, असं मला वाटलं. पण ते दादांना जमेना. रोज म्हणायचे, सांगू, सावकाश सांगू. मामाने तर हातच जोडले, तिकिटाचं ठरेपर्यंत ब्र काढू नका, साहेबांची शोभा होईल. निघायचा महिना जवळ आला तशी लोकांची रीघ सुरू झाली. कुणी लोणचं आणलं, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी तिकडं थंडी असते म्हणून स्वेटर. मला प्रत्येक वस्तू घेताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एके दिवशी जेवताना दादा पानात बघत म्हणाले, "वर्षभर आष्टीला आत्याकडं ऱ्हा. लोकं समजतील गेली म्हणून. म्होरल्या साली बघू."

माझा घास तसाच राहिला. आईने त्यांना विचारलं, "कावून? पोरीनं कुणाचं काय चोरलंय?" पण ठरलं तसंच, कारण घरात माइक नसला तरी शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

केजहून मला वाजतगाजत निरोप दिला. बायकांनी ओटी भरली, शाळेची मुलं रस्त्यात उभी केली होती. गाडी मुंबईच्या विमानतळाकडं म्हणून निघाली, बीड मागं टाकलं आणि आष्टीला थांबली. दोन मोठ्या बॅगा उतरवल्या. दादा खाली उतरले नाहीत, काच वर करून बसले.

आत्या विधवा, दांडगी बाई. आष्टीच्या बाजारात शेरडं विकते, कुणाच्या बापाला भीत नाही. बॅगांकडं पाहून म्हणाली, "मुडदा बशिवला त्या सत्काराचा. चल, भाकरी खा आधी." तिने एकदाही दादांचा कैवार घेतला नाही, भाऊ असून.

ते वर्ष मी आष्टीत काढलं. केजचं कुणी बाजाराला आलं की घरात दडायचं. तिकडं दादा लोकांना सांगत होते, बर्फ पडायलाय म्हणे, पोरगी बटाटे खाऊन दिवस काढायलीय. कुठून तरी ट्यूलिपच्या शेताचे फोटो काढून स्टेटसला लावत होते. आणि मी आत्याच्या खडकाळ रानात माती उकरून ओल मोजत होते. दिवाळी झाली तशी आजूबाजूची घरं कुलूप लागून मोकळी झाली, लोक लेकराबाळांसकट ऊसतोडीला गेले. ट्रकच्या ट्रक भरून चालले होते. त्यांच्या जाण्याचा फ्लेक्स मी कधी पाहिला नाही. ते गेले आणि मी, जिचा एवढा गाजावाजा झाला, ती मात्र तिथंच बसून होते. त्या वर्षात मी जेवढी कडू झाले तेवढी पुन्हा कधी होऊ नये.

पण अर्ज मी पुन्हा केला. त्याच रानातल्या मातीवर लिहिलं, त्यामुळं मागच्यापेक्षा बरा झाला. पुन्हा प्रवेश, पुन्हा मुलाखत. आत्याशिवाय कुणालाही सांगितलं नाही. मुलाखतीच्या दिवशी आत्या दारात काठी घेऊन बसली. देणेकरी, घेणेकरी, गिऱ्हाईक, सगळ्यांना तिने अंगणातूनच हाकललं. मी बोलले, मनासारखी बोलले. काही आठवड्यांनी कळलं, शिष्यवृत्ती मिळाली. आत्याने ओवाळलं नाही की काही नाही. शेळीचं दूध तापवून दिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मग दादांना फोन केला. कितीही झालं तरी बाप. वाटलं, आता तरी त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल, मागचं सगळं मिटून जाईल. मी सांगितलं. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता कशी जाशील बाळा? तू तर मागच्या सालीच गेलीस."

मला आधी कळलंच नाही. ते समजावून सांगायला लागले. लोकांना सांगून ठेवलंय, शिक्षण पुरं झालं, पुढच्या महिन्यात परत यायलीय. मामाला तिकीट मिळालंय, तो पुन्हा कार्यक्रम ठेवायचं म्हणतोय. एक स्थळही आहे, त्यांना परदेशात शिकून आलेलीच पाहिजे. आता पुन्हा निघाली म्हटल्यावर लोक विचारणार, मग आजवर कुठं होती. ते शांतपणे, एकामागून एक सगळं सांगत होते आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "मी कुठंच गेलते न्हाई. आता जायलेय."

ते म्हणाले, "मग कुणाला कळू देऊ नको." आणि फोन ठेवला.

निघायच्या दिवशी आई एकटी एसटीने आष्टीला आली, नणंदेचं दुखतंखुपतं बघायला जाते असं गावात सांगून. ती आणि आत्या स्टँडपर्यंत आल्या. पुण्याची गाडी लागली. आई सारखी मागं वळून रस्त्याकडं बघत होती, मी तिला विचारलं नाही. दादा आले नाहीत. यायचं त्यांच्या मनात असेलही. पण स्टँडवर ओळखीचं कुणी भेटलं असतं तर काय सांगणार होते, पोरीला सोडायला आलोय म्हणून? ती तर त्यांनी वर्षापूर्वीच सोडली होती.